गाडीतली पुढची जागा

मेलेल्या बाईचा हेवा करता येत नाही असं कुणाला वाटत असेल, तर त्याने मंजुळेच्या घरी आठ दिवस राहून पाहायला हवं होतं. जिवंत सवत परवडली. तिच्याशी भांडता येतं, तिची भाजी खारट झाली की नाक मुरडता येतं, नवऱ्याजवळ तिच्या चार कागाळ्या करता येतात. मेलेलीचं काहीच बिघडत नाही. तिची भाजी कधी खारट होत नाही, तिचा आवाज कधी चढत नाही आणि तिने पोरांना कधी धपाटा घातलेला नसतो. तिची सवत धुरपदा वारून तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत ती रोज थोडी थोडी चांगली होत चालली होती.

मंजुळा धुळ्याची. बाप लवकर गेला, त्यामुळे लग्न लांबलं, आणि एकोणिसाव्या वर्षी तिला जळगावच्या सुकदेवला दिली. सुकदेव बिजवर, दोन पोरांचा बाप, कापसातून सरकी काढायच्या जीनमध्ये मुकादम. पिंप्राळ्याच्या वाटेवर दोन खोल्यांचं बिऱ्हाड. फैजपूरला काँग्रेस भरली, त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट.

लग्नात तिच्या गळ्यात मंगळसूत्र पडलं आणि त्याच्या मागोमाग नणंदेने काळ्या दोऱ्यात ओवलेला टाक बांधला. सवतीचा टाक. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली बाईची आकृती: गोल तोंड, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, दोन्ही हात अंगालगत. पहिली गेलेली असली की दुसरीने तो गळ्यात वागवायचा. नवं लुगडं नेसायचं तर आधी टाकाला लावायचं, गोडधोड केलं तर पहिला घास टाकाला दाखवायचा, मग आपण खायचं. मंजुळा हे सगळं न चुकता करी. गल्लीतल्या बाया म्हणत, किती गुणाची पोरगी आहे. तिच्या मनात काय चाललं होतं ते त्यांना ऐकू येत नव्हतं म्हणून बरं. घास दाखवताना ती मनात म्हणे, घे बाई, तूच घे आधी. नवरा आधी घेतलास, पोरं आधी घेतलीस, आता शिराही घे.

नवऱ्याजवळ तिने धुरपदेबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. विचारलं असतं तर त्याने सांगितलंही असतं. पण तिचं नाव आपण घ्यायचं म्हणजे तिला आपल्या हाताने पाट मांडून द्यायचा, असं मंजुळेचं मत होतं. आणि नव्या बायकोला वाईट वाटेल म्हणून तोही गप्प. दोघं एकमेकांना सांभाळून घेत होती आणि मधल्या मध्ये ती तिसरी ऐसपैस बसली होती.

पोरं मात्र बोलत. मोठी द्वारकी दहा वर्षांची, धाकटा झिपरू पाचाचा. दोघं मंजुळेला मावशी म्हणत. वाईट वागत नव्हती. द्वारकी भांडी घासू लागे, पाणी भरू लागे, सांगितलेलं काम ऐके. पण ओसरीवरच्या जुन्या खाटेच्या उशाकडे मंजुळा बसली की झिपरू दोन्ही हातांनी तिला ढकलायचा.

"तठे नको बसू. ती मायनी जागा शे."

"खाट काय तुनी मायनी इकत लेयेल शे का?" मंजुळा चिडून म्हणे. पण उठे. पायथ्याकडे बसे. पायथ्याची दोरी सैल झालेली, तिथे बसलं की माणूस खड्ड्यात गेल्यासारखं वाटे.

हे सगळं तिने एकवेळ सोसलं असतं. पण पद्मालय तिला सोसवत नव्हतं.

झालं असं की दिवेलागणीला द्वारकी धाकट्याला मांडीवर घेऊन पद्मालयाची गोष्ट सांगायची. गोष्ट म्हणजे आठवण. माय, ती आणि झिपरू बैलगाडीतून पद्मालयाच्या गणपतीला कसे गेले होते त्याची. माय गाडीत सगळ्यात पुढे बसली होती, झिपरू तिच्या मांडीत. द्वारकीच्या हातात कासरा होता. तळ्यात कमळंच कमळं. मायने काठावर पथारी टाकली, कमळाच्या पानावर दशम्या वाढल्या, वर लसणाची चटणी आणि गूळ. मग झिपरूने देवळातली घंटा वाजवली.

"मी वाजाडी?" झिपरू दर वेळी विचारायचा.

"तूच वाजाडी. सगळा लोके दखत ऱ्हायनात."

मंजुळा चुलीपाशी बसून ऐके आणि तिच्या हातातली भाकरी वेडीवाकडी होई. धुळ्याला ती लहानपणी कुठे कुठे गेली नव्हती? एकवीरेच्या जत्रेला गेली होती, पांझरेच्या वाळूत खेळली होती, लळिंगचा किल्ला चढली होती. तिने ते सगळं पोरांना रंगवून सांगून पाहिलं होतं. पोरं ऐकून घेत, आणि झिपरू शेवटी विचारी, "तठे कमळं शेत का?" नव्हती. लळिंगच्या किल्ल्यावर कमळं कुठून यायची? मंजुळेच्या अंगाचा तिळपापड होई.

तिला या घरात काय हवं होतं ते फार मोठं नव्हतं. पोरांच्या आठवणीत एक दिवस तिचा असावा. पुढे मोठी होऊन ती कुणाला सांगतील, मावशीने आम्हाला असं नेलं होतं. एकच दिवस. पण तो असा पाहिजे की धुरपदेचं पद्मालय त्यापुढे फिकं पडलं पाहिजे.

आणि हे करायचं तर दुसरीकडे कुठे जाऊन भागणार नव्हतं. पद्मालयालाच जायला हवं होतं.

दसरा झाला होता, दिवाळी यायची होती. तिने एका सकाळी सुकदेवच्या ताटात भाकरी वाढता वाढता विषय काढला.

"आयकं का? औंदा पोरेस्ले पद्मालयले लई जाऊत."

सुकदेवचा घास हातात राहिला. "पद्मालयले? तुले कोणी सांगं पद्मालयनं?"

"कसाले कोणी सांगाले पाहिजे? मी काय जळगावमा ऱ्हात नही का?"

"सिझन तोंडवर शे, मंजुळा. जीन सुरू व्हयनी म्हणजे माले मराले बी सवड नही."

"म्हणूनच आते जाऊत. का मनासंगे जावाले तुम्हले सवड नही?"

या 'मनासंगे'ला, म्हणजे 'माझ्याबरोबर'ला, जी धार होती ती त्याला कळली, फक्त ती कुठून आली ते कळलं नाही.  तो म्हणाला, "जाऊत." आणि न जेवताच हात धुतला. मंजुळेने मनात टिपून ठेवलं: तिची आठवण आली. पद्मालयाचं नाव काढल्याबरोबर तिची आठवण आली.

मग ती बेतच करत सुटली. सकाळच्या गाडीने म्हसावद स्टेशन. तिथे लोटन गाडीवान येईल. तो जीनवर कापूस आणायचा, सुकदेवचा ओळखीचा. त्याच्या बैलगाडीतून पद्मालय, दर्शन, जेवण, आणि संध्याकाळच्या गाडीने घरी. झिपरूसाठी कानटोपी, द्वारकीला तिच्या परकराला शोभेल अशी नवी रिबीन, पथारीला जाड गोधडी, पाण्याला कळशी. आणि दशम्या? दशम्या धुरपदेने केल्या असतील. मंजुळा मांडे करणार होती. खापरावरचे पुरणाचे मांडे, धुळ्यात तिच्या आईच्या हाताखाली शिकलेले. हातावर फिरवून फिरवून सुपाएवढे करायचे आणि पालथ्या खापरावर टाकायचे. आदल्या दिवशी दुपारभर ती खापरापुढे बसली. धुराने डोळे लाल झाले, कोपराला चटका बसला. एकेक मांडा घडी घालून ठेवताना तिला बरं वाटत होतं.

मांडे न्यायला मोठा डबा हवा म्हणून ती समोरच्या सायरबाईकडे गेली. सायरबाईच्या घरचे मारवाडातून येऊन इथे कापडाचं दुकान घालून बसलेले. तिच्याकडे कडीचा पितळी डबा होता, चार माणसांचं जेवण मावेल असा.

"पद्मालयला जाते तू? छान, छान." सायरबाई डबा पुसत म्हणाली. "हाच डबा धुरपदा भी मागून गेली होती. पद्मालयसाठीच. लेकिन बाई, ती बिचारी..."

"उद्या संध्याकाळी घासून परत आणून देईन," मंजुळा म्हणाली आणि डबा जवळजवळ ओढून घेऊन निघाली. त्या बिचारीचं पुढचं तिला ऐकायचं नव्हतं. डब्यातसुद्धा तिने आधी जेवून घेतलं होतं! घरी येऊन मंजुळेने तो डबा राखेने तीनदा घासला.

पहाटे निघायच्या वेळी सगळं बांधून झालं. मंजुळेने तोंड धुतलं, कुंकू लावलं, ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. रिवाजाप्रमाणे आधी ते टाकाला लावायचं. तिने टाक हातात धरला. दिव्याच्या उजेडात ते दोन ठिपक्यांचे डोळे तिच्याकडे बघत होते. आणि मंजुळेच्या मनात एकदम आलं, हिला कशाला न्यायचं? हिचं झालं की एकदा. आजचा दिवस माझा आहे.

तिने मानेमागची गाठ सोडली, टाक कोनाड्यात देवांच्या शेजारी ठेवला आणि लुगडं तसंच नेसली. वळली तर दारात द्वारकी उभी. वेणी घालून, नवी रिबीन बांधून. ती मंजुळेच्या गळ्याकडे बघत होती. ती बाहेर गेली आणि झिपरूच्या कानात काहीतरी सांगू लागली.

आगगाडीत सगळे खुशीत होते. झिपरू खिडकीला नाक लावून बसला. शिरसोली मागे पडलं, म्हसावद आलं. लोटन स्टेशनाबाहेर बैल सोडून बसलाच होता. त्याने बैल जुंपले, गाडीत कडब्यावर गोधडी पसरली. मंजुळा पुढे होऊन गाडीवानाच्या मागच्या जागेवर बसायला गेली. तिथून रस्ता दिसतो, धूळ कमी लागते आणि हादरेही कमी बसतात. दुसरं म्हणजे, गोष्टीत धुरपदा तिथेच बसली होती.

द्वारकीने त्या जागेवर हात ठेवला.

"आठे नही, मावशी. ही मायनी जागा शे."

"द्वारके!" सुकदेव ओरडला.

"ऱ्हाऊ द्या," मंजुळा म्हणाली. तिने डबा उचलला. "ऱ्हाऊ द्या ना. मायनी जागा शे तर मायले बसू द्या. आम्हीन काय, आम्हीन डबासंगे बसूत."

आणि ती मागे गेली, डबा मांडीवर घेऊन, पाय बाहेर सोडून, गाडीच्या अगदी टोकाला बसली. पुढे एक माणूस बसेल एवढी जागा रिकामी ठेवून गाडी चालू लागली. सगळी धूळ मंजुळेच्या हिरव्या लुगड्यावर.  ती मनात बोलत होती: कोनाड्यात ठेवून आले तरी ही माझ्या आधी गाडीत येऊन बसली.

थोडं गेल्यावर गिरणा नदी लागली. पावसाळा ओसरला होता, तरी पाणी होतं. लोटनने बैल पाण्यात घातले, चाकं अर्धी बुडाली, आणि द्वारकी किंचाळली. तिने झिपरूला घट्ट धरलं आणि बापाला हाक मारली.

"दादा, गाडी बुडी! पाणीमा कसाले टाकी गाडी?"

"दुसरी वाटच नही शे, पोरी," लोटन हसून म्हणाला. "पद्मालयले जावानं म्हणजे नदी वलांडनीच पडस."

मंजुळेने मागे वळून पाहिलं. "काबरं वं द्वारके? मागला टाइमले नदी नव्हती का?"

द्वारकी झिपरूची कानटोपी सारखी करू लागली. मंजुळेला ते विचित्र वाटलं, पण त्याहून जास्त गोड वाटलं. पहिल्यांदाच त्या गोष्टीला चीर गेल्यासारखं झालं होतं.

पुढे झाडी लागली, मग चढ, मग एकदम तळं. खरोखर कमळांनी भरलेलं. द्वारकी गाडीतून उतरली आणि दोन्ही हात गालांवर ठेवून उभी राहिली. आधी एकदा येऊन गेलेलं माणूस असं बघत नाही. मंजुळेने तेही टिपलं.

देवळात गेले तर गाभाऱ्यात एक नाही, दोन गणपती. एकाची सोंड उजवीकडे, एकाची डावीकडे. द्वारकी दोन्हींकडे आळीपाळीने बघून पुटपुटली, "दोन शेत?" आणि घंटा? बाहेर टांगलेली घंटा केवढी होती! झिपरूएवढी दोन पोरं तिच्यात लपली असती. झिपरू तिच्याखाली उभा राहिला, वर बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"ताई, हाई मी कशी वाजाडी?"

द्वारकीने त्याचा हात धरून त्याला ओढतच बाहेर नेलं.

तळ्याच्या काठी मंजुळेने गोधडी पसरली. डबा उघडला. मांडे अजून मऊ होते. वेलदोड्याचा वास सुटला. तिने चौघांना वाढलं, वर तूप सोडलं आणि म्हणाली, "खा आते." कुणीच खाल्लं नाही. सुकदेव थांबला होता. पोरं थांबली होती. झिपरूने हात ताटात ठेवून विचारलं, "मायले घास?"

मंजुळेचा हात आपोआप गळ्याशी गेला. तिथे काही नव्हतं.

"दोरा तुटी गया," ती म्हणाली. "म्हणून घर ठेया."

"नही तुटना," द्वारकी म्हणाली. आवाज बारीक पण स्पष्ट. "तूच काढा. मी दखं. कोनाडामा ठेया तू तिले. तिले लयनी नहीस."

सुकदेवने बायकोकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, म्हणूनच मंजुळेला ते जास्त लागलं. वर्षभर दाबलेलं सगळं तोंडाशी आलं.

"हा, मीच काढा! काय करशी? रोज तीच, रोज तीच! खाट तिनी, घास तिना, गाडीमा जागा तिनी! मी कोठे बसू? आणि तू माले खोटी ठरावस? तू? तुले नदी म्हाईत नही. देव दोन शेत ते म्हाईत नही. ही घंटा झिपरूनी वाजाडी? त्यानी? सांग देखू, सांग तुना दादासमोर, तू आठे कधी उनी व्हतीस?"

द्वारकीचे डोळे भरले, पण तिने ते खाली केले नाहीत.

"आम्हीन आठे कधी उनूतच नही," ती म्हणाली. ती पोरं इथे कधी आलीच नव्हती.

झिपरूने तिच्याकडे पाहिलं. "उनूत ना, ताई. मायसंगे."

"खाटवर," द्वारकी म्हणाली. "तू ल्हानगा व्हतास. खाटवर उनूत."

तेव्हा सुकदेव बोलला. मांड्याचा तुकडा हातात तसाच धरून, तळ्याकडे बघत बोलला. झिपरूच्या बाळंतपणानंतर धुरपदेची तब्येत ढासळली ती ढासळलीच. तिला पद्मालयाला यायचं होतं. नवस नव्हता, काही नव्हतं, लहानपणापासून नुसतं ऐकलं होतं, कमळं बघायची होती. पावसाळ्यात नदीला पूर होता. पण वाटेत नदी आहे हे त्याने तिला सांगितलंही नव्हतं. नुसतं म्हणाला, वाट बंद आहे. दिवाळीनंतर म्हणाला, सिझन आहे. उन्हाळ्यात म्हणाला, ऊन फार आहे. तिने सायरबाईकडे डबासुद्धा सांगून ठेवला होता. मग तिला खाटेवरून उठवेना. तो रातपाळीला गेला की ती पोरांना खाटेवर घेऊन पद्मालयाला निघायची. उशाकडे स्वतः बसायची, भिंतीला टेकून, झिपरू मांडीत. द्वारकीच्या हातात खाटेच्या दोरीचं टोक द्यायची, तोच कासरा. कोणी काय घ्यायचं, कुठे पथारी टाकायची, काय वाढायचं, सगळं रोज नव्याने ठरायचं. रोज परत यायचे.

"माले एक दिवस निंघना नही," सुकदेव म्हणाला. "एक दिवस काढता उना असता."

मंजुळा ऐकत होती. कुणी म्हणेल तिला धुरपदेची दया आली. आली असेल, थोडी. पण खरं सांगायचं तर तिला आजवर वाटला नव्हता एवढा हेवा त्या क्षणी वाटला. जिला खाटेवरून खाली पाय टाकता येत नव्हता ती पोरांना पद्मालयाला नेऊन आणत होती. आणि आपण? दुपारभर खापरापुढे भाजून घेतलं, आगगाडीत बसवलं, नदी ओलांडून खरंखुरं तळं आणून पुढ्यात ठेवलं, तरी पोरांचं पद्मालय तेच, खाटेवरचं. जे झालंच नव्हतं त्याच्याशी बरोबरी कशी करायची? ती उठली आणि एकटीच पाण्याशी जाऊन बसली. पदर तोंडात धरून रडली. तळ्यातल्या कमळांचाही तिला राग आला.

थोड्या वेळाने तिने तोंड धुतलं आणि परत आली. कुणी जेवलं नव्हतं. तिने एक मांडा तोडून तुकडा कमळाच्या पानावर ठेवला, पान पाण्यात सोडलं, आणि कुणाकडे न बघता म्हणाली, "दाखाडा तिले घास. खा आते." सगळे खाऊ लागले. झिपरूने दोन मांडे खाल्ले. ते तरी तिने मोजले.

परतताना लोटनने बैल जुंपले. पुढची जागा तशीच रिकामी. मंजुळा मागे जाऊ लागली, पण तिला राहवलं नाही. तिने विचारलं, "द्वारके, आते बी ती जागा रिकामीच जाई का?"

द्वारकी झिपरूच्या कानटोपीची नाडी बांधत होती. ती म्हणाली, "सकायले ती जागा तुनीच व्हती, मावशी."

"मनी?"

"मी कालदिन झिपरूले समजाडी ठेयेल व्हतं. म्हणत, मावशीना गळामा माय शे. मावशी पुढे बसी म्हणजे माय बी पुढे बसी. तिले ढकलू नको म्हणत. तो हा म्हणे." तिने नाडीची गाठ मारली. "मंग तू टाक काढा. आते तुले बसू देतू तर ती कोठे बसती?"

 वर्षभर मंजुळा जी जागा मागत होती ती आज पहाटे तिला मिळालेली होती. ती पोर दारात उभी होती ती तेच सांगायला आली असेल. आणि मंजुळेने आपल्याच हाताने गाठ सोडून ती जागा कोनाड्यात ठेवून दिली होती.

ती मागे जाऊन बसली. धूळ तेवढीच होती. नदी ओलांडताना चाकं बुडाली, तशी द्वारकी या वेळी किंचाळली नाही. ती झिपरूला वाकून पाणी दाखवत होती. गाडीत मंजुळेच्या मांडीवर रिकामा डबा वाजत होता.

घरी पोचले तेव्हा दिवे लागत होते. सुकदेव डबा परत द्यायला सायरबाईकडे गेला. पोरं दमून ओसरीवरच्या खाटेवर पसरली. मंजुळा पाय न धुताच आत गेली. कोनाड्यातून टाक उचलला. गोल तोंड, दोन ठिपके, अंगालगत धरलेले हात. सोनाराला बाई नीट काढता आली नव्हती. पण खाटेवर पडून राहिलेली बाई अशीच दिसत असेल. मंजुळेने हिरव्या लुगड्याचा धुळीने भरलेला पदर त्याला लावला.

"हाई ले," ती म्हणाली. "उशीर व्हयना. पन लाई दिन्हा."

तिने मानेमागे गाठ मारली. नीट, दोनदा. बाहेर आली आणि खाटेपाशी उभी राहिली. झिपरूने डोळे उघडून तिच्या गळ्याकडे पाहिलं. मग तो सरकला, उशाकडची जागा रिकामी झाली.

मंजुळा तिथे बसली, भिंतीला टेकून. तिथली दोरी अजून घट्ट होती. झिपरू रांगत येऊन तिच्या मांडीत शिरला आणि त्याने टाक मुठीत धरला. तो कुणाच्या मांडीत बसला होता, आपल्या की तिच्या, हे मंजुळेला कळेना, आणि त्या घटकेला तिला ते विचारायचंही नव्हतं.

द्वारकीने पायथ्याशी लोंबणारं दोरीचं टोक उचललं. मंजुळेकडे पाहिलं.

"कोठे जाऊत, मावशी?"

"पद्मालयले," मंजुळा म्हणाली. "पन हळू हाक. पहिले नदी लागस." मग टाकावरची झिपरूची मूठ थोपटत, जरा ठसक्यातच म्हणाली, "हाई तुमनी मायले म्हाईत नव्हतं."